बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी

आई, तुला जाऊन अकरा वर्षं झाली. या थंडीत वडगावच्या घरात पुन्हा बाळंतीण होती, दादाची मुलगी. वहिनीनं तिच्या बाजेखाली तुझीच शेगडी ठेवली होती आणि खिडकीच्या फटींत तू कोंबायचीस तशाच जुन्या साड्यांच्या चिंध्या.

माझ्या बाळंतपणातली एक दुपार मला नीट आठवते. बाहेर विणकरांच्या मागांचा खडखडाट चालू आहे. माझं डोकं ठणकतंय, दोनदा उलटी झालीय. मी खिडकीकडे हात करते. तू म्हणतेस, "वारं शिरलंय अंगात, उघडू नगंस," आणि शेगडीत आणखी कोळसे घालतेस. मी पुटपुटते, कोळशाचा वायू असतो आई. "लई शिकलीस म्हणून बाळंतपण पुस्तकातनं व्हतंय व्हय गं?" तू हसतेस, मीही हसते. कोंडलेल्या खोलीत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना वास ना रंग, हे मी बीएस्सीच्या पेपरात लिहून आले होते. तरी गप्प राहिले. तुझा मान राखला, अशी बरीच वर्षं माझी समजूत होती. खरं म्हणजे त्या उबेत मला वाद घालायचा कंटाळा आला होता, आणि शेजारी बाळ झोपलेलं होतं. संध्याकाळी काकू आली, दार बराच वेळ उघडं राहिलं, मला बरं वाटलं. तू म्हणालीस, दृष्ट उतरली.

या वेळी मी गेले तेव्हा पोरगी डोकं धरून बसली होती आणि बाळ दूध ओढत नव्हतं. दोघांना आधी अंगणात आणलं, मग दवाखान्यात. ऑक्सिजन लावल्यावर दोघंही सावरली. पण घरी परतल्यावर वहिनी पुन्हा शेगडी पेटवायला लागली. मी वायूचं सगळं समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डॉक्टर काय, कायबी म्हणत्यात. आत्तींनी तुमचं बाळंतपण ह्याच शेगडीवर केलं न्हवं? काय झालं तुमास्नी?" वहिनी तुला अजून आत्तीच म्हणते. मी म्हणाले, "पुढं तुम्ही माहेरी होतात तेव्हा आईनंच शेगडी अंगणात नेली. बाहेर फडकं गरम करून आत शेक द्यायची, खिडकी उघडी ठेवून."

"मग आदी सांगायचं न्हवं!" वहिनीनं उठून स्वतःच्या हातानं चिंध्या उपसल्या.

आता ती गल्लीत सांगत फिरते, आमच्या आत्ती बाळंतिणीच्या खोलीत निखारा ठेवू द्यायच्या न्हाईत. रोजनिशीत एखाद्या गोष्टीची वेळ चुकली तरी मी खोडून पुन्हा लिहिते, आणि तुझ्या नावावर अख्खी रीत खोटी सांगितली. हा कागद कुठं पाठवायचा नाही, तरी माफी मागायलाच बसले होते. पण वहिनी तसं सांगते तेव्हा मी शेजारी उभी राहून "व्हय" म्हणते, आणि तेवढ्यापुरतं मला ते खरं वाटतं.