हेल्मीच्या बंदुकीचा रंग

कुक्कोला, मिशिगन
४ ऑक्टोबर २००६

ती. लेम्पीताईस,
रेनोचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि वाळवंटातले खजूर पोचले. खजूर पुल्लाने हुंगून सोडून दिले. मांजराला नको ते मालकाने खायचं, अशी या घराची रीत असल्याने मी संपवले. फोन करू नकोस हे पुन्हा सांगतो. जन्मभर कानाशी बार काढल्यावर कानांनी राजीनामा दिला आहे. मागच्या वेळी तू गुडघ्यांचं सांगत होतीस आणि मी अभिनंदन करून बसलो.

बातमी अशी की काल हेल्मीची बंदूक कपाटातून काढली. ती गेल्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून हात लावला नव्हता. तेलपाणी करावं म्हणून उचलली, तर दस्ता हाताला चिकटला. काळ्या प्लास्टिकचा दस्ता आहे ना, त्यावर रबरासारखा मऊ लेप असतो. तो म्हातारा होऊन त्याची काकवी झाली आहे. एका हाताने सोडवावं तर दुसरा चिकटतो. मध्येच पुल्ला अंग घासून गेली, त्यामुळे आता दस्त्याला केसही आहेत. बाबांच्या लाकडी बंदुकीने असले नखरे कधी केले नाहीत. पण हेल्मीला हीच आवडायची. हलकी आहे म्हणायची, बर्फात भिजली तरी फुगत नाही म्हणायची. आणि या बंदुकीने तिने जेवढी हरणं पाडली तेवढी मी आणि तिचा भाऊ मिळून पाडली नसतील.

त्या भावाचं, म्हणजे ओन्नीचं, तुला ठाऊकच आहे. दफन उरकून आम्ही चर्चच्या तळघरात कॉफी पीत होतो, तेव्हा हा गृहस्थ माझ्याजवळ आला आणि म्हणाला की हेल्मीची बंदूक माझ्याकडे असू दे. बायकोवरची माती अजून ओली होती गं! मी सांगितलं की बंदूक तर नाहीच, पण तू ती कॉफीही खाली ठेव, ती माझ्या पैशाची आहे. त्यानंतर आमचं बोलणं बंद, आणि माझं कँपवर जाणंही बंद. रानातली ती झोपडी दोघांच्या मालकीची आहे, छप्पर त्याने घातलं आणि चूल मी बसवली. दोन वर्षं तो माझ्या चुलीपाशी फुकट शेकतोय.

यंदा हंगाम सुरू झाला की मी जाणार. हेल्मीची बंदूकच नेणार. दस्ता घरीच खरवडून स्प्रेने असा रंगवणार की ओन्नीचे डोळे फाटले पाहिजेत.

पत्र लवकर लिही. लोभ आहेच, तो उन्हाने वाळू देऊ नकोस.

तुझा,
रेनो

मेसा, ॲरिझोना
११ ऑक्टोबर २००६

चि. रेनो यास,
अनेक आशीर्वाद, आणि तेवढेच धपाटे. (अडुसष्टाव्या वर्षी चिरंजीव म्हणवून घेणारा कुक्कोल्यात तू एकटाच असशील.)

तू कँपवर जाणार हे वाचून बरं वाटलं. मांजराशी बोलून माणूस शेवटी म्यांव करायला लागतो. पण रंगाचं मात्र दोनदा वाचलं. अरे, तुला रंग दिसतात का? लहानपणी स्ट्रॉबेरी वेचायला पाठवलं की तू हिरव्यागार वेचून आणायचास. डॉक्टर म्हणाले मुलाला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, आई म्हणाली मुलगा आळशी आहे, आणि आईने तिचं मत मरेपर्यंत बदललं नाही. माझ्या लग्नात तू एक पाय तपकिरी आणि एक पाय हिरवा असे मोजे घालून नाचलास. तेव्हा दुकानात जाताना कुणीतरी डोळस माणूस बरोबर ने.

दुसरं म्हणजे, ती बंदूक ओन्नीला देऊन का टाकत नाहीस? तुझ्याकडे बाबांची आहे. त्याने वेळ चुकीची निवडली हे खरं, पण त्या घराण्यात वेळेचं भान कुणालाच नव्हतं. हेल्मी स्वतःच्या लग्नाला उशिरा आली होती, मासे गळाला लागत होते म्हणून. तू दस्त्यासाठी रंगवत नाहीस, ओन्नीला खिजवायला रंगवतोयस. तुझी बहीण आहे मी, ओळखून आहे.

इथे अजून इतकं ऊन आहे की शेजारणीने गाडीच्या टपावर अंडं तळायचा प्रयत्न केला. तळलं गेलं नाही, पण आता गाडी धुवावी लागतेय.

लोभ चालू ठेव, नाहीतर मी फोन करीन.

तुझी,
लेम्पीताई

कुक्कोला
२४ ऑक्टोबर २००६

ती. लेम्पीताईस,
सा. न. वि. वि.

तू मोजे विसरणार नाहीस हे मला माहीत होतं. डोळस माणूस वगैरे नेला नाही. रंग डब्याच्या झाकणावरच दिसतो, त्याला पंडित कशाला लागतो? हार्डवेअरच्या दुकानात उरलेल्या डब्यांची टोपली असते, त्यातून दोन निवडले, एक फिकट राखाडी आणि एक गडद. चिठ्ठ्या फाटल्या होत्या. गल्ल्यावरच्या मुलीने विचारलं की नातीसाठी का. म्हटलं, नाही, हरणांसाठी. तिने पुढे काही विचारलं नाही. हल्लीची मुलं अबोल झाली आहेत.

काम मात्र मी नीट केलं हो. दोन स्क्रू काढून नळी आणि यंत्र वेगळं केलं. स्पिरिटच्या चिंध्यांनी तो चिकट लेप पुसून काढला, दोन संध्याकाळी गेल्या त्यात. मग पॉलिश पेपर, मग भांड्याचा साबण. मागच्या रबरी गादीला चिकटपट्टी लावली आणि दस्ता सौनाच्या वाफेच्या खोलीत आढ्याला तारेने टांगला, अगदी वाळत घातलेल्या माशासारखा. पातळ हात मारायचा, वाळू द्यायचा, पुन्हा मारायचा. घाई केली की ओघळ येतात. विहिरीमागचं नेच्याचं पान आणून दस्त्यावर जागोजागी बांधलं आणि त्याच्या कडेने गडद फवारलं. पान काढलं तर त्याची फिकट नक्षी जशीच्या तशी उमटली! शेवटी चमक घालवायला मॅट वॉर्निश. फक्त सौनाच्या बाकावर आता बंदुकीची एक सावली उमटली आहे. परवा तिथे बसून उठलो, त्यामुळे थोडी माझ्यावरही आहे.

एक गोष्ट लिहावी की नाही कळत नाही. चिंधीने पुसत होतो तेव्हा दस्त्याच्या वरच्या कडेला एक जागा आधीच गुळगुळीत लागली. नेम धरताना हेल्मी तिथे गाल टेकायची. इतक्या वर्षांत तिच्या गालाने लेप झिजवला होता. ती जागा मी शेवटपर्यंत ठेवली. मग बाहेर जाऊन थोडी लाकडं रचली, जी आधीच रचलेली होती. मग आत येऊन तिथेही पुसलं.

पुल्ला ओल्या रंगावरून चालून गेली. तिचे चारही पाय आणि शेपटीचं टोक राखाडी झालं आहे. पास्टरीणबाई पाव घेऊन आल्या होत्या, त्या मांजराकडे बघून पायरीवरच बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या, हिला ईस्टरसाठी कुणी सजवलं? ईस्टरला अजून सहा महिने आहेत. बाई थकल्यात बिचाऱ्या.

दस्ता मात्र नोव्हेंबरातल्या आभाळासारखा दिसतोय. बघच तू.

लोभाचे पातळ पातळ हात मारत राहा.

तुझा,
रेनो

कँपवरून
१६ नोव्हेंबर २००६

ती. लेम्पीताईस,
सा. न. वि. वि.

आलो एकदाचा. बर्फ घोट्यापर्यंत, चूल झकास, आणि ओन्नी अजून जिवंत. दोघे कार्ला बंधू, आर्ने आणि वेर्नर, नेहमीप्रमाणे आहेतच. माझी गाडी लागली तेव्हा तिघेही दारात उभे होते. मी खोळीतून बंदूक काढली तशी तिघांची तोंडं बंद झाली. वेर्नरला ठसका लागला. ओन्नी बंदुकीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, मग पुन्हा बंदुकीकडे, आणि म्हणाला की रंग उठून दिसतोय. दोन वर्षांतलं त्याचं पहिलं वाक्य! जो माणूस माझ्या कॉफीपासून गाडीच्या चाकांपर्यंत सगळ्याला नावं ठेवतो, त्याला दुसरं काही सुचलं नाही. जिरली.

पण सगळे विचित्र सभ्य झाले आहेत गं. ओन्नीने चुलीजवळची खालची खाट मला दिली. माझ्या पास्टीच्या मांसाच्या सारणात कंद जास्त झाले असं कुणी म्हणालं नाही. आणि कार्ला बंधूंना या वयात कामाचा काय उत्साह! मी बंदूक पुसायला घेतली की दोघेही घाईने लाकडं फोडायला बाहेर पळतात. दोन हिवाळे पुरतील एवढा ढीग झालाय.

काल हंगामाचा पहिला दिवस. एक नर दिसला, माझ्याकडे बराच वेळ टक लावून बघत उभा राहिला आणि मी नेम धरेपर्यंत चालता झाला. एवढं टक लावून बघणारं हरीण मी आजवर पाहिलं नाही.

वेर्नरच्या झटपट कॅमेऱ्याने काढलेला फोटो सोबत आहे. फोटो काढताना त्याचे हात का थरथरत होते कोण जाणे. दारू असेल.

इथलं पत्र शहराकडे जाणाऱ्याच्या हाती देतोय. उत्तर घरीच पाठव, मांजराला खायला घालायला मी जाऊन येणार आहे.

लोभ आणि लोकरीचे मोजे असू द्यावेत. एकाच रंगाचे.

तुझा,
रेनो

मेसा
२० नोव्हेंबर २००६

चि. रेनो यास,
आशीर्वाद. हसून हसून बरगडी दुखतेय, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

अरे माझ्या आंधळ्या भावा, ती बंदूक गुलाबी आहे! राखाडी नाही, तपकिरी नाही, गुलाबी. बारशाच्या केकसारखी. डुकराच्या पिल्लाच्या कानासारखी. आणि त्या गुलाबी पानांभोवती हिरवे फवारे! माझ्या स्वयंपाकघरात असा पडदा होता, तो मी भडक वाटतो म्हणून काढला. मी फोटो फ्रिजवर लावला आहे. शेजारीण विचारत होती की तुमचा भाऊ सर्कशीत आहे का.

हरीण टक लावून का बघत होतं ते आता कळलं? आणि कार्ला बंधू लाकडं फोडायला गेले नव्हते रे, हसायला गेले होते. ओन्नीची मात्र कमाल आहे. मी असते तर दारातच लोळले असते.

मोजे विणतेय. रंग सांगणार नाही.

लोभ आहे, गुलाबी आहे.

तुझी,
लेम्पीताई

कुक्कोला
२६ नोव्हेंबर २००६

लेम्पीबाईंस,
ओन्नी सारीचा नमस्कार. लोभाबिभाचं शेवटी बघू.

बाई, तुम्ही काय करून ठेवलंत? आम्ही तीन म्हाताऱ्यांनी दहा दिवस तोंडाला कुलूप लावलं आणि तुम्ही एका पाकिटात सगळ्याची वाट लावलीत.

रेनो काल मांजराला बघायला घरी गेला आणि दुपारी परतला तो तुमचं पत्र हातात घेऊन. आम्ही जेवायला बसलो होतो. म्हणाला की तुम्ही सगळे माझ्या पाठीमागे दात काढत होतात. मग बंदूक रिकामी करून पास्टीच्या ताटांमध्ये आडवी ठेवली आणि मला म्हणाला, तुला हवी होती ना, घे, आता माझी आणि बंदुकीची, दोघांचीही थट्टा करून झाली. आणि गाडी काढून निघून गेला. आर्नेने थांबवायचा प्रयत्न केला तर त्याचा बूट चाकाखाली येता येता वाचला.

आता ऐका. आम्ही हसलो हे खरं आहे. लाकडाच्या ढिगामागे हसलो. वेर्नरने तर टोपी तोंडात कोंबली होती, तिचा काठ चावला गेलाय. पण पहिल्या दिवशी रेनो गाडीतून उतरला तेव्हा मी त्याला दोन वर्षांनी पाहत होतो. कोट खुंटीवर टांगावा तसा अंगावर लोंबत होता. दाढीचे खुंट तसेच, आणि बंदूक अशी उराशी धरलेली की जणू कुणी हिसकावून घेणार आहे. बहुतेक मीच. मी दोघा भावांना बाजूला घेऊन सांगितलं की इथे कुणी हसला तर हा माणूस पाय न टेकता माघारी जाईल आणि पुन्हा यायचा नाही. जो हसेल त्याने हंगामभर भांडी घासायची आणि संडासाचा खड्डाही उपसायचा. बाई, आम्ही तिघेही मोठमोठ्याने हसणारे आहोत. फार जड गेलं.

तो आता दार उघडत नाही आणि फोन त्याला ऐकू येत नाही. तुम्हीच मोडलंय, तुम्हीच सांधा.

हे झाल्यावर लोभ ठेवायचा की नाही ते ठरवीन.

ओन्नी सारी

मेसा
३० नोव्हेंबर २००६

चि. रेनो यास,
आशीर्वाद.

मी हसले, आणि तो फोटो पाहून उद्याही हसेन. त्याबद्दल माफी मागणार नाही. पण ओन्नीचं पत्र आलंय, ते सोबत जोडते. नीट वाच. कोटाबद्दल लिहिलंय ते दोनदा वाच.

पाठीमागे हसतात ते शत्रू, आणि तोंडावर हसतात ते भाऊबहीण, असं मला वाटायचं. तू परत जाऊ नयेस म्हणून जे लाकडाच्या ढिगामागे जाऊन हसतात, त्यांना काय म्हणायचं ते मला ठाऊक नाही. तू शोधून काढ. आधी दार उघड.

जेवतोस का नीट? खरं सांग.

तुझी,
लेम्पीताई

कुक्कोला
९ डिसेंबर २००६

ती. लेम्पीताईस,
सा. न. वि. वि.

जेवतो. आता जास्त जेवतो, कारण सांगतो.

तुझं पाकीट येण्याआधीच आर्ने मागच्या दाराने घुसला होता. पुढचं दार मी लावलं होतं, मागच्याला कडीच नाही. त्याने सांगितलं की हंगामाच्या शेवटच्या दिवशी ओन्नी स्वतःची बंदूक खुंटीला टांगून हेल्मीची घेऊन गेला आणि एक मोठा नर पाडून आला. पेट्रोल पंपावर पोरं जमली. एकाने विचारलं की आजोबा, हिच्याबरोबर बाहुली पण मिळते का. ओन्नीने सांगितलं म्हणे, की बंदूक माझ्या बहिणीची आहे आणि रंगवली माझ्या मेहुण्याने आहे, दोघांपैकी कुणाबद्दल काही बोलायचं असेल तर आधी टोपी काढ. त्या पोराने खरंच टोपी काढली.

हे ऐकूनही मी दोन दिवस घरात बसलो. तुझ्या भावाला ओळखतेसच. मग तुझं पत्र आलं. मी पास्ट्या केल्या, कंद बेताने घातले, आणि ओन्नीकडे गेलो. त्याने दार उघडलं आणि आत जाऊन बंदूक आणली. पुसलेली, तेल दिलेली. म्हणाला, घेऊन जा, रागात दिलेली वस्तू मी ठेवत नाही. मी म्हणालो की आता रागात नाही, आता नीट देतोय, ठेव. तर हा डोकं हलवतच राहिला. मी चिडलो. म्हटलं, माझी बायको पुरून घटका झाली नाही तर तुला हीच बंदूक हवी होती, आणि आता घरपोच आणलीय तर का नको? रंग आवडत नाही का?

तो खुर्चीवर बसला. मग बोलला, आणि मुद्दाम माझ्या त्यातल्या त्यात चांगल्या कानाच्या बाजूला तोंड करून बोलला, त्यामुळे सगळं ऐकू आलं. म्हणाला, मला बंदूक नको होती रे. त्या दिवशी सगळं गाव तुझ्याशी हात मिळवत होतं. तुझ्यापुढे रांग लागली होती. मी कॉफीच्या किटलीपाशी उभा होतो आणि माझ्याकडे येऊन लोक फक्त साखर कुठे आहे ते विचारत होते. तिला पोहायला मी शिकवलं, नेम धरायला मी शिकवलं. माझी बहीण गेली हे कुणाच्या लक्षातच नव्हतं. काहीतरी मागावं म्हणून जे पहिलं सुचलं ते मागितलं.

ताई, त्या तळघरात मी त्याच्या हातून कॉफी काढून घेतली होती.

पास्ट्या गरम केल्या. दोघांनी खाल्ल्या. त्याने माझ्या पास्टीला नावं ठेवली, कडा जाड आहेत म्हणाला. मग मी त्याला हात पुढे केला आणि म्हणालो, ओन्नी, तुझी बहीण गेली, फार वाईट झालं. त्याने हात धरला तो लवकर सोडला नाही.

बंदूक त्याच्याकडेच आहे. रंग बदलणार नाही म्हणतो. दर शनिवारी सौनाला मी त्याच्याकडे जातो, आणि नंतर तो मला जेवायला बसवतो. रांधतो वाईट, पण भरपूर.

एक काम कर. हेल्मी गेली तेव्हा तू मला चार पानी पत्र लिहिलं होतंस. त्याला एक ओळही लिहिली नव्हतीस. आता लिही. उशीर झालाय, पण त्या घराण्यात उशीर चालतो.

लोभ तिकडेही थोडा पाठव.

तुझा,
रेनो