भिंतींमधले पाच फूट

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. हा शब्द मी लहानपणापासून पत्रांच्या डोक्यावर लिहीत आले, पण त्याला कधी जागले नव्हते. आज मात्र खरोखरच जमिनीला टेकून लिहितेय, कारण डॉक्टरांनी चार दिवस पालथं पडून राहायला सांगितलंय. (काळजी करू नका, पाठ जागेवर आहे. फक्त तिने माझ्याशी बोलणं सोडलंय.) तेव्हा अक्षर किड्यामुंग्यांसारखं दिसलं तर तो दोष उशीचा. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो का? तुमचं मागचं पत्र मिळालं. त्यात ‘सर्व ठीक’ एवढे दोनच शब्द होते, आणि त्यातला ‘सर्व’ मला जरा जास्तच वाटला.

मी इतक्या दिवसांत का लिहिलं नाही याची हकिगत मोठी आहे, म्हणून चहा घेऊन बसा. आमच्या ऑफिसकडे गेल्या महिन्यात एक काम आलं. जुन्या बाजारपेठेच्या ऐन मध्यावर, चौकाच्या कोपऱ्यावर, एक तीन मजली इमारत आहे. खाली दुकानं, पहिल्या मजल्यावर बंद पडलेला टायपिंगचा क्लास, आणि वर कबुतरं. वय शंभराच्या पुढे. मालकाला ती पाडून तिथे गाड्या लावायची जागा करायची आहे. वारसा समितीचं म्हणणं असं, की बाहेरचं सगळं काम चाळीस वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीत गेलं, आता आत काही मूळचं उरलं असेल तर दाखवा, नाहीतर पाडायला आमची हरकत नाही. दाखवायचं म्हणजे काय, तर एकेक खोली मोजायची, नकाशे काढायचे, फोटो घ्यायचे, इतिहास लिहायचा आणि सोमवारी सकाळी अकरापर्यंत ते बाड समितीच्या टेबलावर ठेवायचं. मोजायला मी आणि फोटोला आमचे फोटोग्राफर. या गृहस्थांना सगळे ‘थांबा’ म्हणतात, कारण दिवसभर ते तेवढंच बोलतात. उजेड आला की थांबा, ढग आला की थांबा. एकदा रस्त्यावरच्या टेम्पोला थांबा म्हणाले तर तो थांबला आणि मागे दहा गाड्यांची रांग लागली.

खालची दोन दुकानं दोन सख्ख्या भावांची आहेत. वडिलांच्या वेळी एकच दुकान होतं, ट्रंका आणि कुलुपांचं. वडील गेल्यावर भावांचं बिनसलं आणि वाटणी झाली. थोरल्यांनी ट्रंका घेतल्या, धाकट्यांनी कुलुपं. सव्वीस वर्षं एकमेकांशी चकार शब्द नाही. थोरल्यांकडे ट्रंक घेतलेल्या माणसाने कुलूप कुठे मिळेल असं विचारलं, तर ते त्याला दोन गल्ल्या सोडून तिसरीत पाठवतात. धाकट्यांकडे ट्रंकेचा विषय काढला, तर ते म्हणतात, “हल्ली ट्रंका वापरतं कोण?” मी दोघांनाही इमारतीबद्दल नऊ दिवस खोदून खोदून विचारलं. थोरले प्रत्येक उत्तराच्या शेवटी म्हणायचे, “हे त्याला विचारू नका, त्याला काही ठाऊक नाही.” धाकटे सुरुवातीलाच विचारायचे, “त्याने काय सांगितलं?” आणि मग त्याच्या बरोबर उलट सांगायचे. दुकानात मूळचं काही उरलंय का, या एका प्रश्नावर मात्र दोघांचं एकमत. काहीही नाही. (हे एकमत ऐकून मला संशय यायला हवा होता. नाही आला.)

दहाव्या दिवशी मी आकडे जुळवायला बसले. समोरची बाजू बाहेरून बासष्ट फूट. आतून थोरल्यांचं दुकान अठ्ठावीस, धाकट्यांचं सव्वीस, भिंती धरून झाले सत्तावन्न. पाच फूट गायब. तुम्ही मला टेप धरायला शिकवलंत तेव्हा म्हणाला होतात, की टेप ढिली सोडली की इमारत खोटं बोलते. म्हणून मी टेप तारेसारखी ताणून पुन्हा मोजलं. पाच फूट गायब. तिसऱ्यांदा थांबांना दुसरं टोक धरायला लावलं. पाच फूट गायब. वरच्या मजल्यावर मात्र आत-बाहेर हिशोब चोख जुळत होता. थांबा म्हणाले, “इमारत खालून बारीक झाली असेल, तुम्ही तसंच लिहून टाका.” ऑफिसातल्या साहेबांनी फोनवर मला चष्मा तपासायला सांगितला. शनिवार होता, मामा. सोमवार सकाळी अकरा माझ्या मानेवर बसले होते, आणि माझ्याजवळ शंभर वर्षांच्या इमारतीतल्या अस्सल जुन्या गोष्टी किती, तर एक कडी आणि कबुतरं. (तीही नव्या पिढीची.)

शेवटी मी वर टायपिंगच्या क्लासात गेले आणि त्या हरवलेल्या पाच फुटांच्या बरोबर डोक्यावर उभी राहिले. पाय आपटला. आवाज पोकळ आला. मेणकापड उचललं, तर खाली खिळे मारलेली लाकडी झडप. थांबांनी तिवईच्या लोखंडी पायाने खिळे उपटले (आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखादं काम न थांबता केलं) आणि झडप उघडली. मी टॉर्च खाली मारला. ओतीव लोखंडाचा गोल जिना! कठड्यावर वेली, प्रत्येक पायरीला जाळीची नक्षी, आणि मधल्या खांबावर दुकानाच्या पहिल्या मालकाची मुद्रा. जसाच्या तसा. वर फक्त धूळ, तीही गोधडीएवढी जाड.

इथे शहाण्या माणसाने काय केलं असतं? फोटोग्राफरने थांबा म्हणायची एकच योग्य वेळ आयुष्यात आली होती आणि ते बरोबर म्हणालेही, “थांबा.” मी थांबले नाही. उतरायला लागले. दहा पायऱ्या सुखात गेल्या. अकरावी माझ्याबरोबर आली, बारावीने तिला सोबत केली, आणि मी दोन विटांच्या भिंतींच्या मधल्या बोळात पाठीवर आदळले. वरून थांबांनी विचारलं, “लागलं का?” मी सांगितलं, लागलं. ते म्हणाले, “उजेड छान येतोय, हलू नका.”

वर चढायची सोय उरली नव्हती. टॉर्च शोधून इकडेतिकडे मारला तर दोन्ही भिंतींना कमरेएवढ्या उंचीवर एकेक चौकोन, फळीने बंद केलेला. या चौकोनापासून त्या चौकोनापर्यंत एक लांब पाट टाकलेला, आणि पाटावर दोरी बांधलेला पत्र्याचा डबा. डब्यात अर्धा विणलेला स्वेटर, एक चष्म्याचं घर आणि परवाचं वर्तमानपत्र. मामा, सव्वीस वर्षं बंद असलेल्या जागेत परवाचं वर्तमानपत्र! शब्दकोडं निम्मं सुटलेलं. आडवे शब्द निळ्या शाईत, उभे पेन्सिलीत. माझ्या अंगावर काटा आला तो भुताच्या भीतीने नव्हे, तर सात आडवा चुकलेला होता म्हणून.

मग मी ओरडले. आधी थोरल्यांच्या बाजूने भिंतीवर धप्प. “सव्वीस वर्षांनी तोंड उघडलं ते बायकी आवाजात का?” असा थोरल्यांचा आवाज आला. पलीकडून धाकट्यांनी दोनदा धप्प केलं. मी जिवाच्या आकांताने माझी ओळख सांगितली, तेव्हा दोघांना परिस्थिती कळली. म्हणजे मी कुठे आहे ते कळलं. पुढचं कळेना.

“त्याला सांगा, त्याची भिंत फोडून तुम्हाला बाहेर काढ म्हणावं,” थोरले म्हणाले.

मी पलीकडे वळून सांगितलं.

“त्याला सांगा, भिंत आधी त्याने बांधली. आधी त्याने फोडावी,” धाकटे म्हणाले.

मी अलीकडे वळून सांगितलं. या निरोपांतून मला भांडणाचं मूळ समजलं. वाटणीच्या वेळी जिना दुकानाच्या ऐन मध्यावर होता. तो जागा खातो, म्हणून थोरल्यांना तो आपल्या निम्म्यात नको होता. धाकट्यांनाही नको होता. तुझ्याकडे घे, नाही तुझ्याकडे घे, असं महिनाभर चाललं आणि शेवटी थोरल्यांनी जिना बाहेर टाकून भिंत घातली. धाकट्यांनी आपल्या बाजूने तेच केलं. इतक्या वर्षांत दुरुस्तीवाल्यांचा, रंगाऱ्यांचा, भंगारवाल्यांचा हात त्या जिन्याला लागला नाही तो केवळ या दोघांच्या हट्टामुळे. सरकारी रखवालदार ठेवला असता तरी एवढं सांभाळलं गेलं नसतं. पण हे कौतुक करायच्या स्थितीत मी नव्हते, कारण दोघंही आता घण आणायच्या नाही तर वकील आणायच्या गोष्टी करत होते.

तेवढ्यात थोरल्यांच्या बाजूने एक शांत आवाज आला. “अहो, ते मोठं कपाट सरकवा.” त्यांच्या बायकोचा. जवळजवळ त्याच वेळी धाकट्यांच्या बाजूनेही कपाट सरकल्याचा आवाज आला. दोन्ही फळ्या निघाल्या. दोन्ही बाजूंनी दोन बायकांची तोंडं आत आली आणि त्यांनी माझ्याकडे न बघता आधी एकमेकींना विचारलं, “स्वेटर चुरगळला नाही ना?” या दोघी जावा. नवरे दुपारी जेवून वामकुक्षीला घरी जातात तेव्हा दुकानावर या बसतात. नवऱ्यांचं भांडण झाल्यावर तिसऱ्याच महिन्यात, सुट्टीच्या दिवशी, धाकटीच्या गवंडी भावाने दोन्हीकडच्या नऊ-नऊ विटा काढून दिल्या होत्या. तेव्हापासून रोज दुपारी एक आडवे शब्द सांगते, दुसरी उभे.

“मी नऊ दिवस विचारत होते,” मी म्हणाले, “इमारतीत जुनं काही उरलंय का म्हणून!”

“यांना विचारत होता,” थोरली म्हणाली. “आम्हाला कुठे विचारलंत?”

मामा, पाठीपेक्षा ते जास्त लागलं. दोघी रोज माझ्यासमोर गल्ल्यावर बसलेल्या असायच्या. मी त्यांना बाजूला सरकायला सांगून भिंत मोजत होते.

मग थोरले भोकात वाकले. धाकटे पलीकडून वाकले. मध्ये मी. रस्त्यावर रोज मान फिरवून जाणारे ते दोघं, इतक्या जवळून बहुधा सव्वीस वर्षांत प्रथमच एकमेकांकडे बघत होते. मग थोरले म्हणाले, “केस गेले की रे सगळे.” धाकटे म्हणाले, “तुला वाकता येतंय अजून?” एवढंच. पण थोरल्यांनी चष्मा काढून उगाचच पुसला, आणि मी जिन्याच्या मुद्रेचं माप घेतल्यासारखं केलं.

नऊ विटांच्या भोकातून मला बाहेर काढणं हा वेगळा अध्याय आहे. डोकं आणि हात थोरल्यांच्या दुकानात आणि बाकीची मी इतिहासात, अशी पाऊण तास होते. थांबांनी तेवढ्यात फोटो घेतला. मापाची पट्टी वर राहिली होती, म्हणून त्यांनी फोटोखाली लिहिलं, ‘प्रमाणासाठी: व्यक्ती, उंची पाच फूट एक इंच’. तो फोटो आता समितीच्या कायमच्या संग्रहात आहे.

सोमवारी पावणेअकराला बाड टेबलावर पडलं. मी रिक्षात आडवी होऊन गेले होते. अध्यक्षबाईंनी जिन्याचे फोटो तीनदा बघितले, दुपारी स्वतः येऊन भोकातून डोकावल्या आणि पाडकाम थांबवायचा आदेश त्याच संध्याकाळी निघाला. मालक रागावलाय, पण आदेश आदेश आहे. दोन्ही भिंती आता सन्मानाने काढायच्या ठरल्यात. भाऊ रोज बोलतात. म्हणजे रोज भांडतात, पण समोरासमोर. आता दोघांचंही म्हणणं आहे, की जिना पहिल्यापासून आपल्याच निम्म्यात होता.

आईचा नमस्कार. तब्येतीला जपा.

तुमची भाची

ता. क. : एक राहिलंच. जिना वजन पेलेल की नाही, याचं अनुभवी इंजिनिअरचं प्रमाणपत्र समितीला हवंय. चाळीस वर्षं पूल बांधलेल्या माणसाखेरीज मला कोणी सुचेना, म्हणून मी तुमचं नाव देऊन टाकलंय. पुढच्या गुरुवारच्या सकाळच्या गाडीचं तिकीट सोबत जोडलंय.

ता. ता. क. : जेवायला थोरल्यांनीही बोलावलंय आणि धाकट्यांनीही. मी दोघांनाही हो म्हटलंय. भूक घेऊन या.

शेवटचं ता. क. : पत्र बंद करताना खोटं टिकेना. प्रमाणपत्रावर इथल्या इंजिनिअरने कालच सही केली. आई म्हणाली, मामी गेल्यापासून मामा कामाशिवाय घर सोडत नाहीत, म्हणून काम काढलं. काम काही नाही, मामा. तरी या.