एक कप विसळायचा राहिला

शनिवार, १६ मे

बाई,

आज बैठक झाली. सकाळीच सात रस्ता चौकातून बस धरून आले, खोली उघडली, झाडून घेतली, पंखे लावले. शिपाई निवृत्त झाला, त्याच्या जागी अजून कुणी आलेलं नाही. ऊन फार आहे आणि सुट्टीमुळे विद्यापीठाच्या आवारात माणूस दिसत नाही. बैठकीला लोक बेताचेच आले. दुपार कलल्यावर सगळे गेले. आता मी एकटीच तुमच्या जुन्या टेबलाशी बसून हे लिहिते आहे. कप टेबलावर तसेच आहेत.

इथे तुम्हाला सगळे मॅडम म्हणत. मी तेवढी शेवटपर्यंत बाई म्हणत राहिले, कारण शाळेत तुम्ही मला नागरिकशास्त्र शिकवलं होतं. इतिहासाच्या पुस्तकाला मागे जोडलेला तो पातळ भाग परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचायचा असतो, असा सगळ्यांचा समज होता. तुम्ही मात्र शाळा सुरू झाली की आधी तोच काढायचात. एकदा आम्हा मुलींना महापालिकेची सभा दाखवायला नेलंत आणि वरच्या गॅलरीत बसवलंत. खाली माणसं एकमेकांवर ओरडत होती, कुणीतरी कुणाच्या हातातला माईक ओढला. परत येताना एकीनं विचारलं, "बाई, ही मोठी माणसं अशी का भांडतात?" तुम्ही म्हणालात, "भांडू देत की. भांडायलाच पाठवलंय त्यांना. फक्त समोरच्याचं ऐकून भांडावं." मग सगळ्यांना उसाचा रस पाजलात. मला त्या दिवसाचं उसाच्या रसापलीकडे काही कळलं नव्हतं.

पुढे तुम्ही कॉलेजात गेलात, तिथून विद्यापीठात, आणि ही सार्वजनिक धोरणाची संस्था उभी राहिली. मी बी.ए. होऊन, टायपिंग शिकून घरी बसले होते. तुमचा निरोप आला. सार्वजनिक धोरण हे शब्द आमच्या घरात कुणी ऐकले नव्हते. वडील तहसील कचेरीत कारकून. ते मला घेऊन तुमच्याकडे आले आणि विचारलं, "पण तिथं काम काय असतं?" तुम्ही सांगितलंत, "राजकारणातली माणसं एकमेकांशी नीट बोलतील आणि कारभार नीट चालेल, एवढं बघायचं." वडील म्हणाले, "मग हिला पेन्शनीपर्यंत काम पुरेल." तुम्ही इतक्या हसलात की डोळे पुसावे लागले. मीही हसले, पण तोंडावर पदर धरून. तुम्ही ते पाहिलंत, असं मला आता वाटतं.

शनिवारच्या बैठकीला कुणीही यावं, कोणत्याही पक्षाचं, बिनपक्षाचं, असा तुमचा आग्रह. पहिल्याच बैठकीत अण्णा आणि वकीलसाहेब समोरासमोर आले. अण्णा होटगी रस्त्याच्या टोकाकडचे नगरसेवक, घरी तेव्हाही मेंढरं होती. वकीलसाहेब विरोधी पक्षाचे, सफेद शर्ट, बोलताना चष्मा काढून हातात धरायचे. विषय पाण्याचा होता. एक तोंड उघडे की दुसरा त्यावर पडे. तुमच्याकडे घंटा नव्हती. तुम्ही समोरचा कप उचललात आणि म्हणालात, "आजपासून एक नियम. ज्यानं दुसऱ्याचं बोलणं तोडलं, त्यानं बैठकीनंतर त्याचा कप विसळायचा." सगळे हसले. अण्णा म्हणाले, "मॅडम, मी उभ्या जन्मात सोताचा कप विसळलेला न्हाय." थोड्या वेळानं एक विणकर वस्तीतली बाई बोलत होती, मराठीत तेलुगू मिसळत, आणि तुम्हीच घाईनं तिला मध्ये थांबवलंत. बैठक संपली तेव्हा तुम्ही तिचा कप घेऊन मोरीकडे गेलात. त्यानंतर कुणाला नाही म्हणायची सोय उरली नाही. वकीलसाहेब बाह्या दुमडून अण्णांचा कप धुताहेत आणि अण्णा मागून सांगताहेत, "कानात बी बोट फिरवा सायेब, तितं चा राहतोय," हे मी अजून डोळ्यांनी बघते. एकदा नळालाच पाणी नव्हतं. अण्णा म्हणाले, "मग आज तोडायला मोकळीक की!" त्या दिवशी खरंच कुणी कुणाला बोलू दिलं नाही, तुम्हालासुद्धा.

ते दोघं मित्र झाले नाहीत. पण एकमेकांच्या चहात साखर किती, हे दोघांना ठाऊक झालं. बैठक उठायच्या आधी तुम्ही दर वेळी विचारायचात, "सोमवारी काय करता येईल?" पाण्याच्या त्या भांडणातून एवढंच निघालं की, अण्णांच्या वॉर्डात पाणी कधी सुटणार ते आदल्या दिवशी चौकातल्या फळ्यावर खडूनं लिहायचं. अण्णांनी काही काळ ते केलंही. बायका उगाच ताटकळत बसायच्या थांबल्या. तुम्ही मुद्दाम रिक्षा करून तो फळा बघायला गेलात, मला घेऊन. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. तुम्ही मात्र उन्हात बराच वेळ उभ्या होतात.

मी या सगळ्यात भिंतीशी खुर्ची टाकून टिपणं काढत असे. मी कुणाचं बोलणं कधी तोडलं नाही आणि माझं कुणी तोडायचा प्रश्नच नव्हता. एका शनिवारी सगळे गेल्यावर मोरीशी तुम्ही मला विचारलंत, "तुझा कप दर वेळी तूच कशी विसळतेस ग?" मी म्हटलं, "मी टिपणं काढते ना, बाई." तुम्ही म्हणालात, "सगळ्यांचं लिहून घेतेस. तुला काय वाटतं, ते कुठल्या वहीत लिहितेस?" त्यात राग होता. मी कप पुसत राहिले. पुढच्या शनिवारी आले तर तुम्ही माझी खुर्ची टेबलाशी, तुमच्या डाव्या हाताला, आणून ठेवली होती. मी तिथे बसले. त्याच्या पुढच्या शनिवारी ती परत भिंतीशी नेली, आणि तुम्ही ती तिथेच राहू दिलीत.

हॉस्पिटलमध्ये मी आले होते, तेव्हा तुम्ही पुढच्या बैठकीचा विषय सांगत होतात. धाप लागत होती. मी म्हटलं, "बाई, बोलू नका." तुम्ही थांबलात आणि उशाजवळच्या फुलपात्राकडे बोट दाखवलंत. मला वाटलं, पाणी हवंय. तुम्ही मान हलवलीत आणि बोट बेसिनकडे नेलंत. मग कळलं. मी ते फुलपात्र विसळून आणलं तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर शाळेतलं हसू होतं. विषय अर्धाच राहिला. अनेक वर्षं झाली, तो पुढे काय असेल, हे मी बसमध्ये कधीकधी जुळवून बघते.

तुमच्यानंतर कधीतरी कागदी कप आले. नियम कुणी रद्द केला नाही, विसळायलाच काही उरलं नाही. मी चिनी मातीचे कप कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिले. वकीलसाहेब गेल्या वर्षी गेले. स्मशानात गर्दी पांगली तरी अण्णा काठीवर भार देऊन उभेच होते. म्हणाले, "आता आमचं कोण तोडणार, ताई?"

नवे संचालक वाईट नाहीत. तरुण आहेत, दिल्लीत शिकलेले, माझ्याशीही उठून बोलतात. मागच्या बैठकीत अण्णा आणि एका पक्षाचा तरुण कार्यकर्ता यांची जुंपली, कुणीतरी मोबाइलवर घेतलं आणि ती क्लिप गावभर फिरली. वरून विचारणा झाली. आज सर ही शनिवारची बैठकच बंद करायचं जाहीर करणार, हे मला काल टाइप करतानाच कळलं. आज मी वरच्या फळीवरचे कप खाली काढले, धूळ धुतली आणि त्यात चहा ओतला. सर म्हणाले, "अरे वा, आज कप-बशा?" मी म्हटलं, "कागदी संपलेत." संपले नव्हते.

सरांनी नीट समजावून सांगितलं. निवडणुकांचे दिवस, विद्यापीठाचं नाव. यापुढे निवडक तज्ज्ञांची ऑनलाइन चर्चा घेऊ, कुणी मध्ये बोलू लागलं तर म्यूट करता येतं. अण्णा म्हणाले, "म्हंजे आमी आलोच न्हाय तर भांडण हुनार न्हाय, असं की? मग—"

"तसं नाही, अण्णा."

"ऐका तरी. पाणी रातचं सुटतंय, बायका जागत्यात, त्या पोराचं म्हणणं हुतं की—"

"मुद्दा कळला, अण्णा. पण आपल्याला संस्था म्हणून—"

"सर, त्यांचं बोलून झालेलं नाही," असं कुणीतरी म्हणालं. तो आवाज माझा होता. सगळे भिंतीकडे वळले. सर म्हणाले, "बोला, तुम्ही बोला." हातातलं पेन मी मांडीवर ठेवलं. मी सांगितलं की ती क्लिप अर्धी आहे. भांडण झाल्यावर अण्णांचा गुडघा जिन्यात अडला, तेव्हा त्याच पोरानं त्यांना हात दिला. मग दोघं पायरीवर बसून बराच वेळ बोलत होते, पाण्याचा व्हॉल्व्ह कुठे आहे आणि कोण उघडतो ते. मी कुलूप लावायला थांबले होते म्हणून पाहिलं. ते कुणी मोबाइलवर घेतलं नाही. "ऑनलाइन चर्चेला जिना नसतो, सर," एवढं म्हणून मी थांबले. मध्ये कुणीच बोललं नाही.

सरांनी हळूच विचारलं, "हे तुम्ही आधी का नाही बोललात?" कुणी विचारलं नव्हतं, असं म्हणता आलं असतं. पण तुम्ही विचारलं होतंत, म्हणून ते म्हटलं नाही. मग ते म्हणाले की संस्थेचा कार्यक्रम म्हणून आता जमणार नाही, ते वरच ठरलंय. पण शनिवारी खोली रिकामीच असते. जबाबदारी कुणी घेत असेल तर बसा. हा शब्द आला की कचेरीत सगळे पंख्याकडे बघतात, तुम्हाला माहीत आहे. आजही बघू लागले. मी म्हणाले, "मी घेते."

अण्णांनी काठी आपटली. "ते नंतर. ताई, आधी सायबांचा कप धुवा. बोलणं तोडलंय तुमी." जुनी दोन-तीन माणसं हसली. सरांना कळेना, तेव्हा अण्णांनी सगळा नियम तुमच्यासकट सांगितला. सर म्हणाले, "म्हणजे मलाही तुमचा धुवावा लागेल?" "व्हय की. दोनदा तोडलंत, दोनदा धुवा." सर मनापासून हसले आणि बाह्या वर करायला लागले, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते बोलत बोलत बाहेर गेले आणि तसेच गाडीत बसून निघाले. अण्णांना घ्यायला सून आली होती. एकेक करत सगळे गेले. एरवी मला खोली रिकामी झाल्याचं काही वाटत नाही. आज वाटलं.

सरांचा कप मी विसळून ठेवला. बाकीच्यांचेही धुऊन टाकीन, पण अण्णांचा नाही. तो माझ्याकडे लागत नाही. सोमवारी सर आले की त्यांच्या टेबलावर ठेवीन. हसतील, किंवा हसणार नाहीत. सोमवारी करता येईल असं मला तेवढंच सुचतंय. पुढच्या शनिवारी माझी खुर्ची कुठे ठेवायची, ते अजून ठरवलेलं नाही. तुमच्या जागी बसणार नाही, एवढं नक्की. कोण येईल, कुणी येईल का, तेही माहीत नाही. 

एक सांगायचं होतं. तुम्ही एकदा तरी माझं बोलणं तोडावं, "मुद्द्यावर ये ग" असं सगळ्यांसमोर म्हणावं, आणि मग माझा कप घेऊन मोरीशी उभं राहावं, असं मला फार वाटायचं. मी टिपणं काढता काढता मनात वाक्यं जुळवायची. ती तोडायला तुम्हाला ऐकू तरी यायला हवी होती.

हे पत्र कुठे जाणारं नाही. कपाटाच्या वरच्या फळीवर अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद आज हात लागताच फाटला. तिथे हे घालीन, त्यावर कप पालथे राहतील. नळाला अजून पाणी आहे. माझा कप विसळून घेते.