पाठ न दुखवणारी खुर्ची

प्रिय धाकटे,

तुला चार खरमरीत ओळी लिहाव्यात म्हणून बसले होते, पण चिडायचं त्राणच उरलेलं नाही. दोन दिवस मी तोंडाचा आ करून घरभर हिंडते आहे. माझं तोंड उघडं आणि त्यातून शब्द फुटत नाही, हे दृश्य तू पाहिलं असतंस तर फोटो काढून भिंतीवर लावला असतास.

मंगळवारी छापखान्यात मुद्रितं तपासत होते. गावाच्या पार पलीकडच्या टोकाच्या एका लहान छापखान्याची पत्रकं हल्ली आमच्याकडे येतात, कारण त्यांचा तपासनीस ऱ्हस्व-दीर्घाला कंटाळून पळाला. एक पत्रक हातात आलं. ‘पाठ न दुखवणारी खूर्ची. एकदा बसुन बघा.’ खुर्चीचा उकार पहिला केला, बसूनचा दुसरा केला आणि सवयीप्रमाणे समासात लिहून टाकलं, ‘आणि उठून घरी जा.’ शेजारच्या टेबलावरच्या जुळणीवाल्याला दाखवलं. तो इतका हसला की त्याचा चहा सांडला. मग माझी नजर खालच्या ओळीवर गेली. फोन नंबर तुझ्या भावोजींचा. पत्ता तुझ्या घरचा. ‘मागच्या अंगणातली पत्र्याची शेड.’ मी तो नंबर आकडा-आकडा बोट ठेवून तीनदा वाचला. छपाईची चूक असेल, अशी आशा आयुष्यात पहिल्यांदाच केली. चूक नव्हती. बिचाऱ्यांनी मला कळू नये म्हणून गावाच्या दुसऱ्या टोकाचा छापखाना गाठला होता.

तुझ्या भावोजींचं व्याकरण तुला ठाऊक आहेच. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, भविष्यकाळ सोडून दुसरा काळ त्यांनी वापरलेला मला आठवत नाही. नळ दुरुस्त करीन. वजन कमी करीन. नोकरी सोडून खुर्च्या करीन. कचेरीच्या पाठकोऱ्या कागदांवर नुसत्या खुर्च्याच खुर्च्या काढलेल्या. म्हणून तर मी त्यांना ‘करीनराव’ म्हणायला लागले आणि ते नाव असं काही चाललं की त्यांचे साहेबही म्हणायचे, ‘काय करीनराव, फाईल कधी करीन?’ जेवणाच्या टेबलावर आपण किती हसलोय त्यावर! तेही हसायचे. मला वाटायचं, हसतायत म्हणजे त्यांनाही मजा येते.

दोन वर्षं दर रविवारी सकाळी फिरायला जातात, याचं मी चारचौघांत कौतुक केलं. पँटच्या दुमडीत लाकडाचा भुसा सापडायला लागला तेव्हा मी काय केलं असेल? वाळवीवाल्याला बोलावलं! त्याने सगळी कपाटं ठोकून पाहिली. ‘बाई, तुमच्याकडे वाळवी नाही,’ म्हणाला, तर त्याच्याशीच भांडले. हे शेजारी बसून पेपर वाचत होते आणि शांतपणे म्हणाले, ‘फवारून टाका, तिचं समाधान होईल.’ एवढा अभिनय या माणसाला येतो, हा एक वेगळाच धक्का.

संध्याकाळी पत्रक त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी आधी समासातलं वाचलं. अक्षर ओळखलं. चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, ‘केलं.’ एवढंच. सोळा खुर्च्या झाल्यात आणि राजीनामाही देऊन टाकलाय. ‘खुर्ची सोडून खुर्च्या करायला निघालात’ हे वाक्य माझ्या जिभेवर आयतं येऊन बसलं होतं. ते कसं गिळलं, माझं मलाच माहीत. मी विचारलं, ‘मला का नाही सांगितलंत? मी काय आडवी आले असते?’ तर म्हणाले, ‘आडवी आली असतीस तर परवडलं असतं गं. भांडलो असतो. तू हसवलं असतंस. तू फार छान हसवतेस. एकदा तू हसवलंस की मलाच ती गोष्ट फालतू वाटायला लागते.’ आवाज चढवला नाही, काही नाही. भाजी वाढून घेतली.

मी ताटावरून उठले नाही, पण जेवलेही नाही.

काल तू बँकेत गेल्यावर ते मला शेडमध्ये घेऊन गेले. मी एका खुर्चीत बसले. छापखान्याच्या खुर्चीवर माझे पाय पंचवीस वर्षं लोंबकळतायत. इथे दोन्ही तळवे जमिनीला टेकले. माप कुणाचं धरलं होतं, ते मी विचारलं नाही. मग त्यांना म्हटलं, धाकटीने तरी मला सांगायचं! माझ्या पाठची बहीण ना ती! त्यावर ते जरा घुटमळले आणि म्हणाले, ‘शेड तिने आपणहून दिली. कारण तिचंही तसंच झालं होतं.’

मला आठवेना, धाकटे. खरंच आठवेना. त्यांनी आठवण करून दिली. तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आमच्याकडे जेवताना तू म्हणाली होतीस, मोठी बस चालवायला शिकायचंय, बँक सोडायची वेळ आली तरी चालेल. आणि मी म्हणाले होते, ‘आधी प्रवाशांचे विमे उतरवून घे.’ सगळे हसले, तूही हसलीस. घरी गेल्यावर तू भरलेला फॉर्म फाडलास, हे मला काल कळलं. एका वाक्यात मी हे केलं, आणि ते वाक्य माझ्या लक्षातसुद्धा राहिलं नव्हतं.

आज सकाळी कामावर दांडी मारून त्या बस शिकवणाऱ्यांच्या कचेरीत गेले. खिडकीतल्या माणसाने विचारलं, ‘शिकायचंय कुणाला?’ म्हटलं, माझ्या बहिणीला. ‘वय?’ म्हटलं, सेहेचाळीस. मी वाट बघत थांबले, आता हा काहीतरी बोलणार. तो काही बोलला नाही. त्याने सेहेचाळीस लिहून घेतलं आणि कोरा फॉर्म माझ्या हातात दिला. तो सोबत पाठवते आहे. मुदत तीस तारखेपर्यंत आहे.

तुझीच, या वेळेपुरती गप्प बसलेली,
ताई