चढलेला आकडा

बुधवार, संध्याकाळ. भवानीनगर.

आज सासऱ्यांना, म्हणजे आबांना, घेऊन बारामतीला रिपोर्ट आणायला गेले होते. त्यांचं आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी रक्तातल्या एका प्रोटीनचा आकडा बघायचा. आज डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. आकडा वाढलाय, दुखणं उलटलं असेल, स्कॅन करून घ्या म्हणाले.

बाहेर बाकावर आबा. "चढला का उतरला?"

"चढलाय." खोटं बोलायचंसुद्धा सुचलं नाही.

तर ते चक्क हसले. "मग बेस झालं!"

ते हसणं डोळ्यांपुढून जात नाही. कारखान्याच्या शेतकी खात्यात जन्म गेला त्यांचा. उसाचा रस मीटरवर टाकायचा, गोडीचा आकडा वाचायचा आणि तोडीची तारीख द्यायची. तिथं आकडा चढला की सगळे खूश. मला वाटलं, तोच हिशोब इथंही लावला त्यांनी. सांगायला हवं होतं ना मी? येताना ते रस्त्याकडेच्या उसाला नावं ठेवत होते, आणि मी नुसती हं हं करत बसले. भित्री कुठली.

आत्ता मी त्यांना चहा घेऊन गेले.

"तोंड का पाडलंयस? आकडा चढला की तोड येती, पोरी. जन्मभर लोकांच्या बांधावर मीच सांगत हिंडलो. मला कळत न्हाय व्हय?"

त्यांनी चहा बशीत ओतला, एक घोट घेतला.

"साखर कमी पडली बघ."