खालचे सूर ऐकवणारा खोका

३ मार्च, सोमवार

नाही म्हणजे नाही. हे बोटभर उंचीचे स्पीकर मी या कॉम्प्युटरला ठेवणार नाही.

मास्तरांनी, म्हणजे आमच्या ऑर्केस्ट्राच्या मास्तरांनी, पेनड्राइव्ह पाठवला. आमची एकोणीस गाणी, जुन्या कॅसेटींवरून उतरवलेली. संध्याकाळी लेकीला हौसेने बोलावलं आणि लावली. गायिका ऐकू आली, ट्रम्पेट ऐकू आला, अगदी खुळखुळासुद्धा ऐकू आला. लेक म्हणाली, "आई, यात तू कुठे आहेस?"

मी बेस गिटार वाजवायची, गाण्यातले खालचे सूर. नऊ वर्षं. बाईच्या हातात बेस म्हणून लोक माना उंचावून बघायचे. आणि या डबड्यांतून माझा एक सूर बाहेर पडेना! एकोणीस गाण्यांत मी नाहीच.

"आहे गं, नीट ऐक." तिने समजूतदारपणे मान हलवली. ती मान मला झोंबली.

५ मार्च, बुधवार

ह्यांना सांगितलं, सबवूफर घ्यायचाय, खालचे सूर ऐकवणारा खोका. हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "या वयात धडामधुडूम कशाला? हेडफोन घे."

हेडफोनमध्ये मी एकटीच ऐकणार. मी होते हे मला ठाऊक आहे. ऐकवायचंय ते दुसऱ्यांना.

८ मार्च, शनिवार

लेकीला घेऊन दोन दुकानं पालथी घातली. पहिल्यात प्रश्न मी विचारायची आणि विक्रेता उत्तर लेकीला द्यायचा. शेवटी म्हणाला, "मावशींना बातम्या ऐकायला हे छोटे पुष्कळ झाले." म्हटलं, "मावशींना चाळीस हर्ट्झपर्यंतचे खालचे सूर ऐकायचे आहेत." लेकीने हसू खोकल्यात लपवलं.

दुसऱ्यात पिकल्या दाढीचा मालक स्वतः होता. त्याने सगळ्यांत मोठा सेट लावून सिनेमातला स्फोट ऐकवला. काचा थरथरल्या. मी पेनड्राइव्ह पुढे केला. आमचं गाणं लागलं, पण प्रत्येक सुराला तेच एक धुम्म. सगळे सूर एका गोणीत कोंबल्यासारखे.

"हे गडगडतंय. वाजत नाहीये."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. मग आतून एक साधा, काळा, लाकडी खोका आणला आणि त्याचे दोन स्पीकर. "हा कुणी मागत नाही. दणका कमी आहे. पण जे वाजलंय तेच ऐकवतो."

गाणं सुरू झालं आणि तिसऱ्या ठोक्याला मी आले. खाली उतरत जाणारे चार सूर, एकेक सुटा. वायरींच्या भेंडोळ्यांत मी उभी, आणि पर्सच्या पट्ट्यावर माझी बोटं आपोआप चालायला लागलेली.

"बेस कोण वाजवतंय?" त्याने विचारलं.

"मी."

घेऊनच आले.

९ मार्च, रविवार

टेबलाखाली कोपऱ्यात ठेवला तर घुमायला लागला. हे लगेच, "बघ, सांगत होतो." मी लक्षच दिलं नाही. भिंतीपासून हातभर पुढे ओढला, मागचं बटण जरा उतरवलं. घूम गेली. आता येता-जाता ह्यांच्या पायात येतो. येऊ दे.

११ मार्च, मंगळवार

लेक अर्ध्या दिवसाची रजा टाकून ऑफिसातून थेट आली. जमिनीवर बसून, खोक्यावर तळवा ठेवून पाच गाणी ऐकली. म्हणाली, "सगळं गाणं तुझ्यावर उभं आहे गं." आणि मग— "का सोडलंस?"

मी नेहमीचंच उत्तर दिलं. तू झालीस, आणि नंतर मला कुणी बोलावलं नाही.

चालू गाणं संपायच्या आत हे खुर्चीतून उठले आणि फिरायला गेले. भर उन्हात.

१४ मार्च, शुक्रवार

गाणी ऐकली हे सांगायला मास्तरांना फोन केला. म्हणाले, "दीड वर्ष तुझी जागा भरली नव्हती मी. परत ये म्हणून तीन पत्रं टाकली. शेवटी तुझ्या यजमानांचं उत्तर आलं, तिला आता वाजवायचं नाही."

मला एकही पत्र मिळालेलं नाही.

उरलेली मंडळी अजून रविवारी तालमीला जमतात म्हणे. येशील का, विचारत होते. मी हो म्हटलं.

ह्यांना अजून काही विचारलेलं नाही. आधी तालीम.