उदास नाही, दमलेय

३ ऑक्टोबर
नैराश्याच्या फॉर्ममध्ये जवळजवळ शून्य गुण मिळवणारं मूल सुखी असतं की नुसतं गप्प? मला सांगता येत नाही. पण माझ्या मार्गदर्शक डॉ. हॉलंड म्हणतात, आकडा खोटं बोलत नाही. त्या तीस वर्षं मुलांचं नैराश्य मोजताहेत. मी, आठ दिवस.
क्लीव्हलंडच्या पूर्वेकडची ही शाळा मी मागून घेतली. याच वस्तीत वाढले. घरातली पहिली पदवीधर. फॉर्म गोऱ्या मुलांवर बेतलेला. आमच्या काळ्या मुलांना तो तितकाच लागू पडतो, हे मी सिद्ध करणार. संकल्प: डिसेंबरपर्यंत शोधनिबंध.

७ ऑक्टोबर
ओडेसा, वय दहा, आजीजवळ राहते. पंचवीस प्रश्न, एकूण गुण तीन! वीसच्या वर गेले तरच समुपदेशकाकडे पाठवायचं. 'उदास वाटतं का?' पुढे तिनं 'कधीच नाही'वर खूण केली आणि समासात लिहिलं, 'दमलेय'. डॉ. हॉलंडना विचारलं. समास मोजत नाहीत. बरोबरच आहे. मुलं खेळून दमतातच.

१२ ऑक्टोबर, संध्याकाळी
आईला आकडे दाखवले. ती हॉटेलात चादरी धुते, तिला संशोधन काय कळणार. म्हणाली, "प्रोफेसरबाई, आपल्यात उदास व्हायला सवड कुणाला? आपण दमतो. तुझा रॉस्को मामा नव्हता का दमला?"
मामा मी सहा वर्षांची असताना गेला. फार काम करायचा. पुढे काही विचारलं नाही. आई सोललेलं रताळं पुन्हा सोलत बसली.

२० ऑक्टोबर
ओडेसा मारामारी करते, बाकावर डोकं टेकून झोपते, जेवणाला हात लावत नाही, अशी वर्गाच्या बाईंची तक्रार. शाळेनं दोन दिवस घरी बसवलं. फॉर्ममध्ये यासाठी रकाना नाही. शिस्तीचा प्रश्न दिसतो. मी मधे पडले नाही. संशोधकानं तटस्थ राहावं.

२६ ऑक्टोबर
चर्चबाहेर ओडेसाची आजी, मिस अर्लीन, भेटल्या. विचारलं, कसं चाललंय? "देवाची कृपा आहे, बाळा." मग हळूच, "पोरगी वेण्या घालू देईना गं. सगळे मणी काढून टाकलेत." मी म्हटलं, वयात येतेय.

३० ऑक्टोबर
ओडेसा आपणहून आली! वेणीतले तीन निळे मणी माझ्या हातावर ठेवले. "बाकीचे मैत्रिणींना वाटले, मिस कॅल्डवेल. मला आता लागणार नाहीत."
किती उदार मूल. विश्वास संपादन झाला. निबंधात यावर एक परिच्छेद.

४ नोव्हेंबर, सकाळी
तो परिच्छेद आईला वाचून दाखवला. तिची नजर टेबलावरच्या मण्यांवर. ओल्या हातांनीच तिनं खण उघडून मामाचं घड्याळ काढलं. "जायच्या आठवड्यात मला देऊन टाकलं. म्हणे, मला आता लागणार नाही. आम्ही हसलो, म्हटलं रॉस्को दिलदार झाला."
मी शाळेकडे धावायला उठले, तर मला बूट सापडेनात.

४ नोव्हेंबर, संध्याकाळी
डॉ. हॉलंड फोनवर म्हणाल्या, तीन गुणांवर पाठवता येत नाही. सोमवारी समितीपुढे ठेवू. आज मंगळवार.
मिस अर्लीनना सगळं सांगितलं. त्यांनी ॲप्रनही काढला नाही. ओडेसाला घेऊन आम्ही रुग्णालयात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, उदास वाटतं का? "नाही, मॅडम." मी विचारलं, "ओडेसा, किती दमलीस?"
ती पाऊण तास बोलत होती. कधी, कुठे, कशानं, सगळं ठरलेलं होतं. मिस अर्लीन भिंत धरून उभ्या होत्या.
तिला तिथं ठेवून घेतलंय. मणी तिच्या उशाशी ठेवून आले. तिनं ते मोजले, पण घेतले नाहीत.
समितीला न विचारता मी मधे पडले; निबंध गेला. नोकरीही बहुतेक गेलीच. फॉर्मवर तीनच्या आकड्याखाली मी लिहिलं, 'समासातलं वाचा. मी वाचलं नव्हतं.' सही केली आणि पाच वाजायच्या आत डॉ. हॉलंडच्या टेबलावर ठेवून आले.